ओढ्याकाठची धायटी

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘परिसर अभ्यास व स्थानिक वनस्पती’ असा छापला आहे. विषय डोंगराएवढा आणि वेळ पाऊण तासाचा. तेव्हा साऱ्या वनस्पतिसृष्टीवर वरवर बोलण्यापेक्षा मी एकाच झुडपाविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी ज्यांच्या शाळा डोंगरपट्ट्यात आहेत, त्यांच्या शाळेपासून ते बहुधा हाकेच्या अंतरावर उभे असेल. माघ-फाल्गुनात ते तांबड्या फुलांनी असे भरून जाते की, ओढ्याच्या कडेला कोणी निखारे पसरून ठेवले असावेत असा लांबून भास व्हावा. हे झुडूप म्हणजे धायटी. काही भागांत तिला धावस असेही म्हणतात. संस्कृत ग्रंथांतील तिचे नाव धातकी. ताम्रपुष्पी, बहुपुष्पी आणि वह्निज्वाला ही तिचीच आणखी नावे. ज्याने ‘वह्निज्वाला’ हे नाव दिले त्याने ते झुडूप ऐन बहरात पाहिले असले पाहिजे, याविषयी मला शंका नाही.

प्रारंभीच एक घोटाळा दूर करतो. धायटी आणि धावडा ही दोन निरनिराळी झाडे आहेत. धावडा हा वृक्ष. त्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवांत घालतो. धायटी हे झुडूप. पुरुषभर, फार तर दीड-दोन पुरुष उंच. नावे जवळची असल्याने मुले आणि कधी कधी मोठी माणसेही गफलत करतात. वर्गात दोन्हींच्या डहाळ्या शेजारी ठेवल्या म्हणजे हा प्रश्न कायमचा मिटतो.

धायटीला जागा कोणती मानवते, हे पाहण्यासारखे आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, सातपुड्यात आणि विदर्भातील डोंगराळ रानात ती आढळते. ओढा जेथे काळ्या कातळावरून उड्या घेत खाली उतरतो, जेथे वीतभर माती नाही, खडकाच्या भेगांत थोडा मुरूम आणि पालापाचोळा तेवढा साठलेला आहे, अशा उघड्या आणि उन्हाच्या जागी ती मुळे रोवून उभी राहते. दाट सावलीच्या रानात ती क्वचितच सापडते. महाराष्ट्राबाहेर पाहू गेल्यास हिमालयाच्या पायथ्यापासून सुमारे १,५०० मीटर उंचीपर्यंत तिची वस्ती आहे. तशीच ती ब्रह्मदेशात, चीनमध्ये, आफ्रिकेच्या पूर्व भागात आणि मादागास्कर बेटातही आहे. शास्त्रज्ञ तिला वुडफोर्डिया फ्रुटिकोझा म्हणतात. हे नाव कुर्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७१ साली रूढ केले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. त्यात आपल्या इकडील धायटीचे वर्णन आहे. या वंशात जगात अवघ्या दोनच जाती आहेत. एक आपली, दुसरी आफ्रिका व अरबस्तान या बाजूची. परंतु लॅटिन नावे पाठ करवून घेण्याचा मोह शिक्षकाने टाळावा. मुलाला घरचे नाव येत असेल तर तेवढे पुरे.

आता झुडूप जवळून पाहू. फांद्या लांब, कमानीसारख्या बाहेर झुकलेल्या. साल तांबूस-तपकिरी आणि तिचे पातळ पापुद्रे सुटत असतात; बोटाने ओढल्यास धाग्यासारखे निघतात. पाने समोरासमोर, देठ जवळजवळ नसलेली, भाल्याच्या पात्याच्या आकाराची. पान उलटून उजेडात धरावे; खालच्या राखी अंगावर बारीक काळे ठिपके दिसतील. हिवाळा सरता सरता पुष्कळशी पाने गळतात आणि मग फांद्यांच्या संपूर्ण लांबीवर फुलांचे झुबके येतात.

माझ्या मते या झुडपाचा खरा धडा त्याच्या फुलात आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत फुलाचे भाग शिकविताना बहुधा जास्वंदीचे चित्र असते. हिरवा निदलपुंज, रंगीत दलपुंज, पुंकेसर आणि स्त्रीकेसर. मुले पाठ करतात की, निदले हिरवी असतात व पाकळ्या रंगीत असतात. हे पाठांतर पक्के झाल्यावर धायटीचे एक फूल मुलांच्या हाती द्यावे आणि विचारावे, “पाकळ्या दाखवा पाहू.” सगळी मुले त्या तांबड्या नळीकडे बोट दाखवतील. ती नळी सुमारे एक ते दीड सेंटिमीटर लांब, किंचित वाकलेली असते. परंतु ती पाकळी नव्हे. तो निदलपुंज आहे. बाभळीच्या काट्याने नळी उभी चिरावी. तोंडाशी सहा दाते दिसतील आणि त्या दात्यांच्या दरम्यान, नीट शोधल्यास, सहा अगदी चिमुकल्या, पातळ पाकळ्या सापडतील. कित्येकदा त्या दात्यांहून फारशा मोठ्याही नसतात. आत बारा पुंकेसर. ते नळीबाहेर डोकावतात. तळाशी अंडाशय आणि त्याच्याभोवती मधाचा थेंब.

‘निदले हिरवी असतात’ हे वाक्य त्या क्षणी कोलमडते, आणि ते कोलमडलेच पाहिजे. निदल कशास म्हणावे हे रंगावरून ठरत नसून फुलातील जागेवरून ठरते, कळी असताना सर्वांत बाहेरचे वेष्टन कोणते होते यावरून ठरते, ही गोष्ट मूल स्वतः शोधून काढते. दहा वेळा फळ्यावर लिहून जे साधत नाही, ते एका काट्याने साधते.

याच धाग्याने आणखी थोडे पुढे जाता येईल. डाळिंबाचे फूल आठवा. त्याचाही निदलपुंज लाल, जाड आणि दातेरी. डाळिंबाच्या टोकाला जो मुकुट राहतो तो त्याचाच. आपल्या राज्याचे राज्यपुष्प मानलेले ताम्हण घ्या. त्याला बहुधा सहा चुरगळलेल्या पाकळ्या असतात. अंगणातील मेंदी घ्या. धायटी, डाळिंब, ताम्हण आणि मेंदी ही चारही आजच्या वर्गीकरणात एकाच कुळातील आहेत. डाळिंबास पूर्वी स्वतंत्र कुळात ठेवीत, हेही मोठ्या मुलांना सांगावे. शास्त्रातील वर्गवारी नव्या पुराव्याने बदलते, हे त्यांना लहानपणीच कळलेले बरे. एका मुलीच्या हातावरची मेंदी आणि ओढ्याकाठची धायटी ही नात्याने चुलत बहिणी आहेत हे ऐकून वर्गाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कोणत्याही शिक्षकाने एकदा अनुभवावे.

मध कोणासाठी, हा पुढचा प्रश्न. सकाळी आठ-नऊच्या सुमारास मुलांना झुडपापासून पंधरा-वीस पावलांवर गप्प बसवावे. गप्प बसविणे कठीण आहे हे मी जाणतो. तरी करून पाहावे. शिंजीर येतो, वाकलेली चोच वाकलेल्या नळीत घालतो, आणि बाहेर आलेल्या पुंकेसरांचे पराग त्याच्या कपाळाला लागतात. मग तो दुसऱ्या झुबक्याकडे उडतो. मधमाश्याही येतात. परागीभवन हा शब्द यानंतर फळ्यावर लिहावा, आधी नव्हे.

मुलेही हा मध चोखतात, हे आपण सर्व जाणतो. त्यास माझी हरकत नाही. परंतु येथे एक कडक सूचना दिली पाहिजे. ओढ्यानाल्यांच्या पात्रात रानकण्हेरही उगवते आणि पावसाळ्यात कुंपणावर कळलावी फुलते. ही दोन्ही विषारी आहेत. ‘लाल फूल गोड असते’ असा समज लहान मुलांचा झाला तर तो जिवावर बेतू शकेल. म्हणून ज्या दिवशी धायटी दाखवाल त्याच दिवशी कण्हेर लांबून दाखवावी आणि ओळखीची खूण सांगावी. कण्हेरीचे पान तोडले की चीक येतो, हे सांगावे. पान मात्र मुलांना तोडू देऊ नये.

आता नदीकडे वळू. धायटी ओढ्याच्या काठावर, पुराच्या रेषेच्या वरच्या उतारावर राहते. तिच्याखाली, प्रत्यक्ष पात्रातील दगडगोट्यांत, आणखी एक झुडूप असते. त्याला काही भागांत शेरणी म्हणतात. त्याची पाने वाळुंजासारखी लांब, अरुंद; फांद्या इतक्या लवचिक की, पुराचे पाणी अंगावरून गेले तरी त्या आडव्या होतात आणि पाणी ओसरताच पुन्हा उभ्या राहतात. त्याच्यात नराचे झुडूप निराळे व मादीचे निराळे असते. अशा रीतीने पात्रात शेरणी, काठावर धायटी, आणि त्यावर करंज-जांभळासारखे वृक्ष, असे काठाचे थर बनतात. प्रत्येकाची मुळे निराळ्या खोलीवर माती, मुरूम आणि दगड धरून ठेवतात. ज्या ठिकाणी ओढा खोल करण्याच्या निमित्ताने यंत्राने दोन्ही काठ तासले जातात, तेथे ही झुडपे ‘काटेकुटे’ म्हणून प्रथम निघतात आणि पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत काठ ढासळून तोच गाळ पात्रात परत येतो. पाणी अडवण्यास माझा विरोध नाही. गावाला पाणी हवेच. परंतु ग्रामसभेत अशा कामाची चर्चा निघेल तेव्हा काठाची झुडपे राखून काम करावे, असे दोन शब्द बोलण्याइतकी माहिती गावच्या शिक्षकापाशी असावी, अशी माझी अपेक्षा आहे. धायटी तोडली तरी खोडापासून पुन्हा फुटते, वणव्यातूनही कित्येकदा वाचते. मुळासकट उपटली तर मात्र तिचा इलाज नाही.

धायटीचा उपयोग काय, असा प्रश्न पालक विचारतील. फुलांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य विपुल असते. हिरड्यात असते त्याच जातीचे. त्यामुळे कातडे कमावण्यासाठी आणि कापड रंगवण्यासाठी ही फुले फार पूर्वीपासून वापरली जात. शाळेत एक सोपा प्रयोग करावा. मूठभर सुकी फुले पाण्यात उकळून काढा गाळून घ्यावा, दोन पेल्यांत ओतावा आणि एकात गंजलेला खिळा टाकून रात्रभर ठेवावा. सकाळी तो पेला काळपट झालेला दिसेल. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने काळा रंग होतो. हिरडा व हिराकस यांची शाई पूर्वी याच तत्त्वावर बनत असे. दुसऱ्या पेल्यात तुरटी घालून सुती कापडाचा तुकडा बुडवून पाहावा. रंग कसा येतो ते मी येथे सांगत नाही. मुलांनीच पाहून वहीत लिहावे.

वैद्यकातील उपयोग सर्वांत प्रसिद्ध आहे. आसवे आणि अरिष्टे करताना काढ्यात गूळ अथवा मध घालून त्यात धायटीची फुले टाकतात व भांड्याचे तोंड बंद करून ते ठेवून देतात. काही दिवसांत मिश्रण आंबते आणि त्यातच थोडा मद्यार्क तयार होतो. त्यामुळे औषध टिकते. फुले टाकल्याने आंबण्याची क्रिया का सुरू होते, याचे उत्तर आधुनिक शास्त्राने दिले आहे. फुलातील मधावर किण्व, म्हणजे यीस्ट, वसलेले असते आणि सुकलेल्या फुलातही ते तग धरून राहते. जुन्या वैद्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. पण कोणते फूल टाकले असता काढा आंबतो हे त्यांनी निरीक्षणाने नेमके हेरले होते. एवढे सांगून थांबावे. शिक्षकाने मुलांना धायटीचा काढा देणे, जुलाबावर औषध म्हणून सुचविणे, हे आपले काम नव्हे. त्यासाठी आरोग्य केंद्र आहे.

या औषधांसाठी लागणारी फुले येतात कोठून? ती रानातून येतात, आणि ती खुडणारे हात पुष्कळदा आपल्याच पटावरील मुलांच्या आईबापांचे असतात, कित्येकदा मुलांचेही. आजच्या भाषणात मला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते येथे आहे.

विस्तार अधिकारी म्हणून शाळा पाहत असताना एका डोंगराळ गावच्या शाळेत फाल्गुन महिन्यात मी हजेरीपट उघडला. चौथीतील सहा-सात नावांपुढे सलग गैरहजेरी होती. कारणाच्या रकान्यात ‘पालक उदासीन’ असे लिहिलेले. दुपारी त्यांच्यापैकी एक मुलगी धाकट्या भावाला पोहोचवायला शाळेच्या पायरीपर्यंत आली. तिची बोटे तांबूस झाली होती. मी तिला विचारले, “बाळ, कुठे होतीस?” ती म्हणाली, “फुलं खुडाया.” मग विचारीत गेलो तशी ती सांगत गेली. दव उडाल्यावर खुडायचे, ओले खुडले तर फूल काळे पडते. चटईवर पातळ पसरायचे, संध्याकाळी आत घ्यायचे. फांदी मोडायची नाही, नाहीतर पुढल्या वर्षी त्या फांदीला काही येत नाही, असे आजी सांगते. वरच्या शेंड्यांची फुले ठेवायची, ती पाखरांची. ओली पाटी भरून आणली तरी वाळल्यावर ती किती थोडी भरते, हे तिने दोन्ही हातांनी करून दाखविले.

त्याच वर्गात सकाळी ‘फुलाचे भाग’ हा पाठ झाला होता. जी मुले हजर होती त्यांनी जास्वंदीच्या चित्रावरून उत्तरे बरोबर दिली. गावात जास्वंदीचे झाड मात्र मला एकही दिसले नाही.

त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. हजेरी भरली नाही तर वरून विचारणा होते आणि रकान्यात काहीतरी लिहावे लागते. मुलांनी शाळा बुडवून मजुरीला जावे, असेही माझे म्हणणे मुळीच नाही. मुलाची जागा शाळेतच आहे आणि शिक्षणाचा हक्क कायद्याने २००९ साली त्यास दिला आहे. परंतु ‘पालक उदासीन’ हे दोन शब्द लिहून आपण त्या मुलीपाशी असलेल्या ज्ञानाला शाळेचे दार बंद करतो. पुढे ती स्वतःही तेच मानू लागते की, शाळेत असते ते ज्ञान आणि रानात असते ते हलके काम. हे एकदा मनात बसले की, ती शाळेत आली तरी गप्प बसते. आणि गप्प बसलेले मूल आपण ‘अप्रगत’ या यादीत घालतो.

ठाणे जिल्ह्यात, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाड येथे, १९५७ नंतर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केले त्यातील कुरणशाळा आपण सर्वांनी ऐकली आहे. मुले गुरे घेऊन कुरणात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. आपल्याला तेवढे करणे नेहमी शक्य नाही. परंतु फुलांच्या हंगामात चार-सहा सकाळी वर्ग ओढ्याकाठी भरविणे, आणि खुडणाऱ्या मुलांनाच त्या दिवशी सांगणारे करणे, यास कोणाची मंजुरी लागणार नाही. मुख्याध्यापकांना कळवावे, एक-दोन पालक बरोबर घ्यावेत, पाण्यापासून मुले दूर ठेवावीत. ओली फुले तराजूत तोलून, वाळवून पुन्हा तोलणे हे गणित. भाव आणि वजन यांचा हिशेब हेही गणित. हा हिशेब मुलाला आला तर व्यापाऱ्याच्या तराजूपुढे त्याचा बाप थोडा कमी फसेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केले जाणारे गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना मान्य केला आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला हा कायदा शिकविताना समोर वाळलेल्या धायटीची पाटी असावी.

वरच्या शेंड्यांची फुले ठेवण्याची त्या आजीची रीत मला फार मोलाची वाटते. फूल खुडले की बी नाही. बी नाही तर नवे झुडूप नाही. सुकलेल्या तांबड्या नळीतच बोंड लपलेले असते. ते पावसाळ्याच्या तोंडावर उकलते. बी अगदी बारीक, तपकिरी, चिमटीत शेकड्यांनी मावणारे. ज्या शाळांना कुंपणाची अथवा बांधाची जागा आहे त्यांनी ते गोळा करावे. फुटक्या मडक्यात बारीक माती व चाळलेले खत घालून ती प्रथम भिजवावी, बी वर नुसते भुरभुरावे, मातीत पुरू नये, आणि पाणी झारीने नव्हे तर ओल्या फडक्याने ठिबकवावे. नाहीतर बी वाहून जाते. रोपे वीतभर झाल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात दगडाळ, उन्हाच्या जागी लावावीत. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत लावू नयेत.

शेवटी कामाचे एक. प्रत्येक शाळेने एका ठरावीक झुडपाला खूण करून पहिले फूल उमलल्याची तारीख, पाने गळल्याची तारीख आणि पहिले बोंड उकलल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. नोंद मुलांच्या अक्षरात असावी. मार्चच्या परिषदेला येताना ती वही आणि वाळलेल्या फुलांची एक पुडी बरोबर आणावी. घाटाखालच्या शाळांत आणि घाटावरच्या शाळांत किती दिवसांचा फरक पडतो, ते आपण त्या दिवशी फळ्यावर मांडून पाहू.